गवराबाईंचा फिका रस्सा

चाकणच्या पट्ट्यात खानावळी पैशाला पासरी, पण गवराबाईंच्या रश्शाची गोष्ट वेगळी. वाटीत आधी लालभडक तर्री दिसायची, मटण मग. कारखान्यातली पोरं नाक पुसत जेवायची. जमीन एमआयडीसीत गेली, उरल्या तुकड्यावर नवऱ्यानं, कोंडीरामनं, भाड्याच्या खोल्या बांधल्या. नाव मात्र झालं ते बाईंच्या हाताचं. त्या ते मिरवायच्याही. का मिरवू नये?

खोल्यांत खाटा कमी, पोरं जास्त. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच खाटेवर रात्रपाळीवाला पडायचा. खाट मिळतेय तोवर झोपून घ्यायचं, म्हणून सकाळीच रस्सा-भाकरी चापायची आणि लगेच आडवं व्हायचं. लातूरकडचा आयुष हेच करायचा. मग छाती जळायची, घशाशी आंबट पाणी यायचं. तो ॲसिडिटीची पुडी पाण्यात फसफसवून प्यायचा आणि पुन्हा तेच. हळूहळू झोप उडाली, अन्न नकोसं झालं, शर्ट अंगावर लोंबायला लागला. शेवटी नोकरी सोडून गावी जातो म्हणाला.

गवराबाईंनी त्याला दंडाला धरून डॉक्टरकडे नेलं. दुर्बिणीनं तपासलं, तर अन्ननलिका आम्लानं सोलवटलेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, तेल-तिखट कमी, जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही. बाईंना ते वर्मी लागलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून रस्सा फिका झाला. कोंडीराम वैतागला.

"अगं, तिखटावर तर चाललीय खानावळ. असलं खायला कोण येणार?"

"न्हाई आलं तर न्हाई. माझ्या हातचं खाऊन पोरगं आजारी पडतंय, त्याची फुशारकी मारू व्हय?"

रात्रपाळीवाल्यांचं मोठं जेवण आता कामावर जायच्या आधी. सकाळी मऊ भात आणि मुगाचं वरण. शिवाय जेवल्यावर दोन-तीन तास खोलीला कुलूप, किल्ली बाईंच्या कमरेला. तोवर पोरांनी ओट्यावर मेथी निवडत बसायचं.

"मावशी, दवाखाना काढला का?" भीमराजनं टोमणा मारला.

"ज्याला आग पायजे त्यानं कंपनीच्या भट्टीत तोंड घालावं. तू मेथी निवड."

भीमराज चिडून समोरच्या ढाब्यावर जेवायला लागला. त्याच्यामागं आणखी काही गेले. गवराबाईंच्या हाताची चव गेली, असं बोललं जाऊ लागलं. ते त्यांच्या कानावर आलं आणि झोंबलंही. पण त्यांनी तिखट वाढवलं नाही. कांदा-खोबरं जास्त वेळ भाजलं, मसाला नव्यानं कुटला, मनाजोगता उतरेपर्यंत रस्सा पुन्हा पुन्हा केला.

थंडीत नणंद सोजराबाई जेवायला आल्या. आयुष त्याच पंगतीत होता. गोळ्यांचा कोर्स संपवून पुन्हा पाळ्या करत होता, आणि तिसरी भाकरी मोडत होता.

"रस्सा पांढराफटक दिसतोय गं, गवरा," सोजराबाई म्हणाल्या.

गवराबाईंनी आयुषकडं बोट केलं.

"रंग तिकडं बघा, वन्सं. त्यो माझ्या हातचा हाय."

वन्संनी बघितलं, चव घेतली आणि वाटी पुढं करून आणखी रस्सा मागितला.