बाबांनी दाजीकाकांना केलेली खूण

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. कोणी "राखणदार दिसलो" म्हणालं, की मी आधी चष्म्याचा नंबर विचारते. तरीही हे लिहितेय, कारण दुसरं काय करावं सुचत नाही...

साल २००६, दिवाळीनंतरचे दिवस. आमचं घर देवबागला, खाडीच्या अंगाला. बाबा नौदलात इंजिनरूममध्ये होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाल्यावर फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले. जुन्या जहाजांत वाफेच्या पाइपांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळलेलं असायचं, त्याची धूळ छातीत गेलेली. मुंबईच्या लष्करी हॉस्पिटलातले डॉक्टर अशा माजी नौसैनिकांचा अभ्यास करत होते. ते म्हणाले, "ह्यांच्याबरोबर काम केलेल्यांना तपासणीला पाठवा. त्रास नसला तरी. लवकर सापडलं तर काहीतरी करता येतं." बाबांना उशीर झाला होता.

बाबांचे इंजिनरूममधले जोडीदार म्हणजे आरोंद्याचे दाजीकाका. बाबांनी शेवटी शेवटी त्यांना फोनवर किती विनवलं! काकांचं एकच — "माका काय धाड भरली हा?"

बाराव्यानंतर ते समाचाराला आले. भर दुपार होती. मी पुन्हा विषय काढला.

"काका, एक एक्स-रे तरी काढून घेवा."

"सोड गो. तुझो बापूस गेलो, त्येचा नशीब."

ते उठले. समाचाराला आलेला माणूस 'येतो' म्हणत नाही, तसे न बोलताच चपला शोधायला लागले. मला असा राग आला, की तांब्या उचलून मी तरातरा आत निघून गेले.

मागच्या दारातून बघते तर — काठावर, होडी बांधतो तिथे, बाबा! खाकी हाफ पँट, उघडे. आजारातले नव्हेत, चांगले धट्टेकट्टे. दोन्ही हात जोरात पुढे ढकलत होते, मग अंगठा स्वतःच्या छातीला लावून पाठीमागे दाखवत होते. पुन्हा पुन्हा तेच. नजर माझ्यावर नव्हतीच, माझ्या पलीकडे पडवीकडे होती. मी "बाबा" म्हटलं... आणि तिथे नुसती होडी हलत होती.

मी पडवीत धावले. तसेच हात करून दाखवले. दाजीकाकांनी चपलेत घातलेला पाय बाहेर काढला.

"ह्या तुका बापाशीन शिकयल्यान?"

"नाय ओ. बाबांनी घरात कधी बोटीचा नावय काढूक नाय."

"इंजिनरूमात आवाजान कायएक ऐकाक येय नाय. सगळा हातान बोलूचा. पाइप फुटलो तेव्हा तुझ्या बापाशीन माका ह्याच केल्यान... तू आदी भायर पड, मी मागसून येतंय."

त्याच आठवड्यात ते मुंबईला गेले. फुफ्फुसात लहानसा डाग निघाला. वेळेत ऑपरेशन झालं. नंतर त्यांनी बोटीवरचे बाकीचे जोडीदार हुडकून हुडकून, शिव्या घालून त्या डॉक्टरांपुढे नेले.

लहानपणी कधीतरी ती खूण पाहिली असेल, दुःखात मेंदू खेळ करतो... सगळं स्वतःला सांगून झालं. पटत नाही.

सलतं ते वेगळंच. आले, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही! एकदा काकांना हे बोलून दाखवलं. ते हसले.

"तुका कित्याक खुणावतलो गो? तू खंय अडाकलेली होतंस?"

त्या दुपारपासून त्या मागच्या दारातून माझा पाय निघालेला नाही, हे त्यांना कसं सांगू?