बंद कारखान्याचा भोंगा

आधीच सांगते, मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय. भूत, करणी, चकवा... असलं काही सांगणाऱ्याला मी उलटसुलट प्रश्न विचारून गप्प करायचे. हे वाचून तुम्ही मलाही तसंच विचाराल. खुशाल विचारा.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. महाडजवळच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला रंगांची रसायनं बनवणारा एक कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. ती जागा गावाला मिळणार होती, आंबेनळी घाटाकडच्या वाड्यांवरून हायस्कूलला येणाऱ्या मुलींच्या वसतिगृहासाठी. पण जमिनीत काय मुरलंय ते आधी तपासायला हवं, म्हणून गावच्या सरपंच पार्वतीकाकूंनी सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून तपासणीचा निधी मंजूर करून आणला. त्यांचे यजमान त्याच कारखान्यात कामाला होते, खोकून खोकून गेले. मातीचे नमुने घ्यायला आमच्या प्रयोगशाळेनं मला पाठवलं. मी मूळची महाडचीच.

निधी ज्यांच्या खात्यातून आला होता, ते साहेबही आले होते. गेटजवळचे नमुने झाल्यावर ते म्हणाले, "मॅडम, एवढं पुरे. मागे नुसतं रान आहे."

काकू शांतपणे म्हणाल्या, "सायेब, तपासनी म्हंजे काय दारातून डोकावायचं? पोरी मागच्या अंगाला निजनार हायत."

मीही अडून बसले. मागचा कोपरा तपासल्याशिवाय अहवालावर सही करणार नाही, असं सांगितलं. साहेब चिडून जीपमध्ये जाऊन बसले, काचा वर करून.

मागच्या भिंतीपाशी इक्बालभाईंनी ड्रिल लावलं. हे दासगावचे, विहिरी-बोअरच्या कामात मुरलेले. लख्ख ऊन, सकाळची वेळ. वर येणारी माती मी गुडघ्यावर बसून पिशवीत भरत होते. काकू शेजारीच उभ्या.

आणि भोंगा वाजला.

लांब नाही... तुटक तुटक. अगदी डोक्यावर वाजल्यासारखा, मशीनच्या आवाजाच्या वरताण. मी वर पाहिलं. छप्पर कधीच भंगारात गेलेलं, वर नुसतं आभाळ.

काकूंनी माझं मनगट धरलं. "ऊठ गो बाय. ह्यो ग्यासचा भोंगा हाय. वारा तोंडावर घेऊन पळ."

कामाची पाळी सुटताना लांब भोंगा, गॅस सुटला की तुटक... हे यजमानांनी त्यांना लग्नानंतर शिकवलं होतं. मी पिशवी टाकली आणि पळाले. इक्बालभाईंनी मशीन बंद करायला हात घातला, तेवढ्यात रॉड खाली घसरला आणि पत्रा फाटल्याचा आवाज आला. तेही आमच्या मागे धावले.

भिंतीच्या टोकाला पोचून मागे वळून पाहिलं. मी बसले होते तिथे पिवळट धूर जमिनीलगत पसरत होता. माझी पिशवी त्यात दिसेनाशी झाली.

अग्निशमन दल आलं. त्या जागी खाली पिंपं निघाली. गंजलेली, भरलेली, कुणीतरी गुपचूप पुरलेली.

साहेबांनी भोंगा ऐकला नव्हता. गेटसमोरच्या चहावाल्यानंही नाही. त्या दिवशी वसाहतीला साप्ताहिक सुट्टी होती. तरी मी आजूबाजूच्या प्रत्येक कारखान्यात जाऊन विचारलं. कुणीच भोंगा वाजवला नव्हता.

पुढे पंचायतीत बैठक झाली. धोका कसा कळला, असं विचारल्यावर मी खरं ते सांगितलं. लोक हसले. साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, आधी वास आला असेल. भोंगा हा मनाचा खेळ. वास आला एवढंच म्हणा ना, तुमच्याच नावाला बरं."

"वास आला नव्हता," मी म्हटलं. "भोंगा आधी वाजला, पिंप नंतर फुटलं."

मागून इक्बालभाई उठले. "मॅडम बोलतात तसंच झालं. मी पन ऐकला."

मग काकू उभ्या राहिल्या. "हसायचं तर हसा. पन सगली जमीन खनून बघितल्याबिगर आमच्या पोरी तिथं निजायच्या नायत. पैसं कमी पडत असतील तर अजून आना."

निधी पुन्हा आणावा लागला. सगळी जमीन तपासली, पिंपं नेली, मागच्या भागाला कुंपण पडलं. वसतिगृह मात्र रस्त्यापलीकडे, जिथे जमिनीत काही मुरलेलं नव्हतं अशा जागेवर झालं. उद्घाटनाला साहेब आले नाहीत.

मला भास झाला असं म्हणणारे आजही भेटतात. तिघांना एकाच क्षणी एकच भास कसा झाला, हे त्यांच्यापैकी कुणी सांगितलेलं नाही. मलाही सांगता येत नाही. इतकी वर्षं डोकं लावलं... विज्ञानात बसत नाही आणि भुताखेतांवर माझा विश्वास अजूनही नाही. पण उत्तर सापडत नाही म्हणून मी ऐकलेलं ऐकलं नाही, असं मात्र मी कुणापुढेही म्हणणार नाही.