होडीतली जड बॅटरी
बॅटरीत पाणी घालायला झाकणं उघडली की तेजाबाचा तिखट वास नाकात जातो आणि मला तलावातली ती सकाळ आठवते. आमच्या मासेमारीच्या होडीची मोटर शिशाच्या बॅटरीवर चालायची आणि ती बॅटरी मागे, मोटरीजवळ असायची. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, म्हणायचे, "लई जड हाय, नुसता धोंडा." शेवटी चौसाळ्याच्या बॅटरीवाल्या मिस्त्रीचाचांच्या दुकानात ती टाकून यांनी हलकी बॅटरी आणली. चाचा म्हणाले होते, "भाऊ, वजन बी कामाचं असतं." यांनी ऐकलं नाही. पहिल्याच दिवशी परतताना वारा सुटला. माशांनी भरलेल्या टोपल्या पुढे आणि मागचं टोक हलकं, त्यामुळे मोटरीचा पंखा पाण्याबाहेर येऊन नुसता घरघरायला लागला आणि होडी पुढे सरकेना. काठावर व्यापाऱ्याचा टेम्पो हॉर्न वाजवत होता. तो गेला असता तर उन्हात सगळे मासे नासले असते. "तू मागं सरक," हे ओरडले. "कावून?" "तुझं वजन हाय म्हणून!" मी मोटरीला चिकटून बसले, पंखा पाण्यात बुडाला आणि टेम्पो मिळाला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात गेलो. चाचांनी विचारलं, "हलकी चालली न्हाई?" मीच सांगितलं, "चालली, पन मला बॅटरी व्हावं लागलं." चाचा पोट धरून हसले आणि त्यांनी कोपऱ्यातली आमची जुनी बॅटरी बाहेर काढली. आता तीच बॅटरी मागे असते आणि मी पुढे बसते, जिथे वारा लागतो.