हरिश्चंद्र तोडणकरांचं जपान

गोरेगावच्या एका दोऱ्याच्या कारखान्यात हरिश्चंद्र तोडणकर मेकॅनिक होते. गिरगावातली खोली सोडून ते भाईंदर पश्चिमेला ब्लॉक घेऊन राहिले, त्याच सुमारास, म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली, कारखान्यात दोरा गुंडाळायची जपानी मशिनं आली. ती बसवायला हायाशी नावाचे इंजिनियर आले होते. दोघांची भाषा वेगळी, पण पाना-पक्कड घेऊन बसले की एकमेकांचं सगळं कळायचं. हरिश्चंद्रांच्या बायकोने, नीलिमाबाईंनी डब्यात दिलेलं बांगड्याचं कालवण हायाशींनी घाम पुसत पुसत संपवलं होतं. जाताना त्यांनी शेठना सांगितलं, या माणसाला तीन महिने ओसाकाला पाठवा.

हरिश्चंद्रांनी पासपोर्ट काढला, नवा स्वेटर घेतला. आणि गेला शेठचा भाचा, भावेश.

हरिश्चंद्रांनी पासपोर्ट आणि स्वेटर ट्रंकेत ठेवून दिले. मशिनं त्यांनी जिवापाड सांभाळली. भावेशशी मात्र कामापुरतंच बोलायचे. टीव्हीवर जपानचं काही लागलं की घरात कुणीतरी उठून तो बंद करायचं.

लेक ममता फोर्टातल्या ट्रॅव्हल कंपनीत लागली. शहाण्णव साली तिच्या ऑफिसला एका मोठ्या हॉटेलातल्या जपानी रेस्टॉरंटची जेवणाची कुपनं मिळाली. "बाबा, रविवारी दुपारी जायचंय," तिने सांगितलं. हरिश्चंद्रांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

आत कमालीची शांतता होती. किमोनोसारखा झगा घातलेला वेटर आला तसे हरिश्चंद्र वाकले आणि हायाशींकडून ऐकलेला आभाराचा शब्द आठवून आठवून म्हणाले, "अरिगातो."

"बसा काका," वेटर म्हणाला. "मी वसईचा."

सूप आलं ते पातळ पाणी, त्यात पांढऱ्या वड्या, कशाचीच चव नसलेल्या. मग गार भाताच्या मुटक्यांवर कच्च्या माशाचे काप. नीलिमाबाईंनी एक तुकडा तोंडात घालून बराच वेळ घोळवला.

"मासा ताजा आहे," त्या हळूच म्हणाल्या, "पण शिजवायला विसरले वाटतं."

हरिश्चंद्र खाली मान घालून खात राहिले. शेवटी बिनदुधाचा, बिनसाखरेचा हिरवा चहाही प्यायले. ममताचा चेहरा उतरला.

"बाबा, नाही ना आवडलं?"

"मशिनं चांगली करतात हो ते," एवढंच ते म्हणाले.

घरी पोचेपर्यंत उन्हं कलली होती. नीलिमाबाईंनी पदर खोचून भात टाकला, सुके बोंबील तव्यावर परतले. पहिला घास घेतल्यावर हरिश्चंद्रांना एकदम हसू फुटलं.

"तीन महिने, नीलू. तीन महिने मी तिकडे काय खाल्लं असतं गं?"

"वाळून परत आला असतात."

"आणि तो भावेश? तो तर अंडंसुद्धा खात नाही."

हा विचार त्यांच्या मनात कधी आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी कारखान्यात भावेश मशीनपाशी दिसला तसे ते आपणहून त्याच्याजवळ गेले.

"भावेशभाय, ओसाका में खाने का क्या किया था?"

भावेश चपापला. इतक्या वर्षांत तोडणकरांनी ओसाकाचं नाव काढलं नव्हतं. मग खांदे पाडून म्हणाला, "सच बोलूँ? भूखा मर गया. थेपला पंधरा दिन चला. बाद में ब्रेड और केला. रात को रोता था. मामा को बोला, वापस बुलाओ, तोडणकर को भेजो. मामा माना नहीं."

हरिश्चंद्रांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. आता टक्कल पडायला लागलेला हा माणूस तेव्हा जेमतेम विशीचा होता.

"चाय पिओगे?" त्यांनी विचारलं.

त्या दिवसापासून दुपारचा चहा दोघं मशीनरूममध्ये घेऊ लागले. तिथल्या वर्कशॉपची जमीन कशी होती, हत्यारं कुठे टांगायचे, हायाशी तिथे डब्यात काय आणायचे, असं हरिश्चंद्र विचारत राहायचे, आणि भावेश आठवेल तसं सांगायचा. कधी त्याला आठवायचं नाही, तर म्हणायचा, "कल याद करके आता हूँ." आणि खरंच दुसऱ्या दिवशी काहीतरी आठवून यायचा.