पियानोचा वन्स मोअर

तुमच्या घरात पियानो शिरला कुठून, असं मला परदेशात हटकून विचारतात. मी सांगते, पलटणीतून. कुणाला पटत नाही. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, पलटणीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. पेन्शन घेऊन ते पाचगणीच्या एका शाळेत मोटार चालवायला राहिले आणि मला पाटीवर पाच रेघा आखून त्यांनी इंग्रजी सुरांची लिपी शिकवली. शाळेतल्या संगीताच्या मॅडमनी ती पाटी पाहिली आणि मला पियानोसमोर बसवलं. दहा वर्षं उठू दिलं नाही.

मी सतरा वर्षांची झाले तेव्हा मॅडम म्हणाल्या, हिला मी मुंबईला माझ्या गुरूंकडे नेते. नेमकं तेव्हाच आमच्या गावाहून, पलूसहून आबांचा निरोप आला, की पोरीला चांगलं स्थळ आलंय. आबा म्हणजे दादांचे थोरले भाऊ. घरचा ऊस त्यांच्या हाती आणि घरातला शेवटचा शब्दही त्यांचाच. दादांनी त्यांच्यापुढे कधी तोंड उघडलं नव्हतं. या खेपेला मात्र हात जोडून म्हणाले, "आबा, एकदा आयका तिला."

"आयकतो. मग ठरवतो," आबा म्हणाले.

लढाईतल्या जखमी शिपायांच्या मदतीसाठी सांगलीला नाट्यगृहात कार्यक्रम होता, त्यात मी वाजवणार होते. दुपारची वेळ. पियानो कुणा बड्या घरचा होता. मॅडमनी बजावलं होतं, छप्पर कोसळलं तरी हात थांबता कामा नये. आबा पहिल्या रांगेत, नवा फेटा बांधून. नाटक म्हणजे त्यांचा जीव की प्राण. गुऱ्हाळ पेटलेलं टाकून सांगलीला नाटक पाहायला पळणारा माणूस. आणि नाटकातला त्यांचा एक कायदा होता. पद आवडलं की प्रेक्षकानं वन्स मोअर द्यायचा आणि नटानं मुकाट्यानं पद पुन्हा म्हणायचं. न म्हणेल तो माजला.

मी एका जर्मन माणसाची संथ रचना वाजवत होते. पहिली चाल संपत आली आणि पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

थांबले तर मॅडम गेल्या, न थांबले तर आबा गेले. हात आपले पुढं चालतच राहिले. पुढं रचनेचा मधला भाग होता, नुसता खर्जातला, घुसमटलेला. आबांना वाटलं, पोरगी ऐकत नाही. ते उभे राहिले. "वन्स मोअर म्हणलं की मी," हे त्यांचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं. सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं. त्यांचा पाणउतारा होत होता आणि तो मी करत होते. मला रडू येत होतं.

मग मधला भाग सरला आणि पहिलीच चाल परत आली. ती येणारच होती, कागदावर तशी लिहिलेलीच होती. आबा खाली बसले. मान डोलवायला लागले. मला त्यांचं हसू नाही येत. ती चाल पुन्हा ऐकावी असं त्या जर्मन माणसालाही वाटलंच होतं की.

कार्यक्रम झाल्यावर मॅडम तरातरा आल्या. त्यांना मराठी जेमतेम यायचं, म्हणून इंग्रजीत दादांना म्हणाल्या, "तुमच्या भावाला सांगा, ती त्यांच्यासाठी थांबली नाही. कागदावर होतं तेच तिनं वाजवलं. म्हणूनच मी तिला नेणार आहे."

दादांना इंग्रजी चांगलं समजायचं. ते पलटणीत उभे राहायचे तसे ताठ उभे राहिले आणि थोरल्या भावाच्या डोळ्याला डोळा न भिडवता म्हणाले, "आबा, म्याडम म्हणत्यात, मोठ्यांचा शब्द खाली पडू देत न्हाई पोरगी. अशीला कुटंबी पाठवायला भ्याव न्हाई."

आबा माझ्याकडे वळले. "व्हय, ते दिसलंच की," म्हणाले. "जाऊ दे मग. लय ग्वाड वाजीवती."

मी दोन्ही भाषा समजणारी, दोघांच्या मध्ये उभी.

पुढं मी मुंबईत शिकले, विलायतेत वाजवलं, माझं नाव झालं. आबा गावात येईल त्याला सांगायचे, "साऱ्या जगात वाजवती, पर पयला वन्स मोअर माजा. लगेच घेतला पोरीनं. इचारा ह्याला." आणि दादा, जे भावाशी जन्मात एकदाच खोटं बोलले, ते दर वेळी मान खाली घालून म्हणायचे, "व्हय आबा." आबा जाईपर्यंत, वीस वर्षं, त्यांना ते म्हणावं लागलं.