ऊन येऊ दे

नंदू हा सह्याद्रीतला जुना गडी. पुण्यात असताना नोकरी कमी आणि कडे जास्त केलेला. कंपनीने इंग्लंडात बेसिंगस्टोकला पाठवलं, तिथे चढायला एक धड टेकाड मिळेना. मग त्याने ऑफिसातल्या यतीनला चढाईची गोडी लावली. यतीन वयाने लहान. नंदूदादा म्हणेल ती त्याची पूर्व दिशा.

गेल्या मार्चमध्ये दोघं स्कॉटलंडला, एव्हिमोरला गेले. गावात स्कीवाल्यांची झुंबड, आणि गावाबाहेरच्या दरीत गोठलेला धबधबा. बर्फावर चढायची दोघांचीही पहिलीच वेळ, पण नंदूला कसली धास्ती? खाली पोचले तेव्हा थंडीने बोटं आखडली होती. नंदू म्हणाला, "थांब. ऊन येऊ दे, मग चढू." सह्याद्रीत तो असंच करायचा. दवाने निसरडा झालेला कातळ उन्हात सुकला की मगच हात घालायचा. ती सवय हाडात मुरलेली. दोघं थर्मासमधला चहा पीत निवांत बसले.

बर्फाला ऊन सोसत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. नंदूला कळलं तेव्हा तो वर पोचून दोर धरून बसला होता आणि यतीन अर्ध्यावर होता. बर्फाच्या आतून पाणी वाहू लागलं आणि दाराएवढी लादी सुटून यतीनच्या पाठीवर आली. दोर तुटला नाही. पाठ तुटली.

आता यतीन व्हीलचेअरमध्ये. नंदू दर रविवारी त्याच्याकडे जातो. यतीनची बायको आसावरी म्हणते, "तुम्ही होतात म्हणून हे वाचले," आणि गरम पोळी वाढते. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

या रविवारी आसावरी दुकानात गेल्यावर त्याने मन घट्ट केलं. "यतीन, चूक माझी होती. उन्हासाठी थांबायलाच नको होतं."

यतीनने टीव्हीचा आवाज कमी केला. "मला माहीत होतं, दादा."

"कधीपासून?"

"त्याच सकाळी. तुम्ही आंघोळीला गेला होतात, तेव्हा आपण उतरलो होतो त्या बी अँड बीच्या बाई म्हणाल्या, अर्ली निघा, सन आला की तो आइस सेफ नसतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही थांब म्हणालात. एवढा तुमचा अनुभव. तुमच्यापुढे मी कसला शहाणपणा करणार?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. नंदूला वाटलं होतं, कबूल केलं की निदान ओझं तरी उतरेल. ते दुप्पट झालं.

"बरं झालं आज आलात," यतीन म्हणाला. "सर्जन अजून एक ऑपरेशन म्हणतोय. जमलं तर थोडं चालता येईल, फसलं तर हातही जातील. आसावरी नको म्हणते." त्याने खुर्ची जवळ आणली. "तुम्ही सांगा, दादा. तुम्ही म्हणाल तसं करू."