टप उघडा टाकून सोयगावला

गाडी घेतली तेव्हा सगळे एकच बोलले: दुष्काळात असली गाडी शोभते का? मी विचारलं, सुकाळात शोभली असती का?  पाऊस पडला असता तरी त्यांना माझी गाडी डोळ्यांत खुपलीच असती, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी संगीता. बजाजनगरात ड्रायव्हिंग स्कूल चालवते. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या बहुतेक बायका वाळूजच्या कंपन्यांत कामाला आहेत. आमचं मूळ मेंढरांचं. बिडकीनच्या बाजूला वडिलांचा माळ होता, ज्वारी धड येत नव्हती म्हणून मेंढरं चारायची. शहर वाढत वाढत तिथवर आलं, माळ औद्योगिक वसाहतीत गेला आणि ज्या जमिनीला कुणी विचारत नव्हतं तिची किंमत झाली. वडील तोवर गेले होते. आमच्यात रीत अशी की बहिणीनं हक्कसोडावर सही करायची, जमीन भावाची, आणि बहिणीला दिवाळीला साडी. मी सही केली नाही. माझा वाटा घेतला.

अण्णा, माझा मोठा भाऊ, मायचा बाळू, त्या दिवसापासून माझ्याशी बोलायचा बंद झाला. त्यानं शहरातच, सातारा परिसरात, बंगला बांधला, माय त्याच्याकडं. मी दोन सीटची पिवळी स्पोर्ट्स कार घेतली, जुनी. छावणीतल्या एका व्यापाऱ्यानं हौसेनं आणलेली, पण खाली वाकून बसायला त्याच्या पाठीला सोसेना. फ्लॅट घ्यायचा सोडून हे काय, असं लोक म्हणाले. पंधरा वर्षं दुसऱ्यांना क्लच सोडायला शिकवत होते. मला स्वतःसाठी काहीतरी चालवायचं होतं, एवढंच.

मग एका सकाळी मायचा फोन आला.

"सखाच्या नातवाचं जावळ हाय. सोयगावला जायचंय."

सखामामा मायचा धाकटा भाऊ. सोयगावच्या अलीकडं त्याचं गाव, मायचं माहेर.

"अण्णा नेणार असेल ना?"

"बाळू नेतोय. पन म्हनतो, संगीला गाडीत घेनार नाय. मी म्हनलं, मंग तू एकला जा. मी तिच्या गाडीत येते."

म्हणजे ठरलं.

जायच्या आधी मायला सवय व्हावी म्हणून तिला बिडकीनच्या वसाहतीत नेलं. तिथं सिमेंटचे रुंद रस्ते झालेत, दिव्यांचे खांब लागलेत, कारखाने मात्र अजून यायचेत. गाडी समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. तुम्हीही अशी गाडी घेतलीत तर पहिले काही दिवस मोकळ्या जागीच घालवा. आत बसायची रीतसुद्धा शिकावी लागते: आधी बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकदम आत. लुगड्यातल्या मायला हे माझ्याआधी जमलं.

क्लच नाही. स्टिअरिंगच्या मागं दोन पात्या असतात, उजवी ओढली की गिअर वर, डावी ओढली की खाली. मध्ये एक फिरकी आहे: ओल्या रस्त्यासाठी वेगळं, रोजचं वेगळं, स्पोर्ट वेगळं. स्पोर्टवर ठेवली की गाडी पाय टेकायच्या आत ऐकते आणि आवाजही बदलतो. इंजिन आपल्या पाठीमागं, म्हणून डिकी पुढं. मायनं भाकरीचं गाठोडं मागं ठेवायला नेलं आणि मी पुढचं झाकण उघडलं तेव्हा ती हसत सुटली.

मग तिला म्हटलं, डोकं मागं टेकव. डाव्या पायानं ब्रेक घट्ट दाबला, उजव्यानं ॲक्सिलरेटर पूर्ण. इंजिन एका सुरात गुरगुरत राहिलं. ब्रेक सोडला. गाडी अशी सुटली की माय सीटला चिकटून बसली. थांबल्यावर तिनं बाहेर बोट केलं.

"इथं आपला लिंब व्हता," ती म्हणाली. "तुजा बाप हितंच पडून ऱ्हायचा दुपारचा." आणि मग, "परत कर तसं."

तीनदा केलं.

जावळाच्या दिवशी सकाळी लवकर निघालो. हर्सूलजवळच्या पंपावर पोऱ्यानं टाकी भरता भरता विचारलं, "साहेब कुठंत मॅडम?" माझ्याआधी माय म्हणाली, "ह्या काय, बसल्यात." या गाडीला जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं, ते पुढं मिळेल याचा भरवसा नाही, तेव्हा शहरातच टाकी भरून घ्या. टायरची हवाही इथंच बघा, कारण स्टेपनी नसते. नुसतं पंक्चरचं औषध आणि छोटा पंप असतो.

फुलंब्रीपर्यंत बरं चाललं. पुढं रस्ता खणून ठेवलेला. चौपदरी होणार म्हणे. तोवर एका बाजूला मुरूम, दुसऱ्या बाजूला खड्डा, मधून टिपर. मी खालच्या गिअरमध्ये, माणूस चालेल त्या वेगानं. डायव्हर्शनच्या प्रत्येक उंचवट्याआधी एक बटण दाबायचं की गाडीचं नाक चार बोटं वर उचललं जातं. वेग वाढला की ते आपोआप खाली बसतं, म्हणून दर वेळी पुन्हा दाबायचं. माय थोड्या वेळात ते शिकली. पुढं उंचवटा दिसला की "नाक" असं ओरडायची.

एका टिपरवाल्यानं काच खाली करून हाक मारली, "ओ ताई, ये रस्ता तुम्हारे लिए नाय!"

"फिर किसके लिए है?" मी विचारलं.

 मग त्यानं आपला टिपर बाजूला घेतला आणि हातानं जा म्हणाला.

सिल्लोडला भजी आणि चहा. भजी गरम, चहा गोड मिट्ट. पाणी मात्र बाटलीचंच घ्यावं लागलं, हॉटेलवाल्यानं पाण्याच्या रिकाम्या जगावर उलटे गिलास ठेवले होते. गोळेगावच्या पुढं रस्त्याकडेला टँकर उभा होता आणि हंडे-घागरींची रांग. मी गाडी बंद केली, वाट अडली होती. रांगेतली एक मावशी जवळ आली. चेहरा रागीट.

"हिला धुवाया किती पानी लागतं गं?"

"धूत नाय मावशी. कोरड्या फडक्यानं पुसते. आज तेही नाय."

तिनं बोनेटवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली धूळ बघितली. "खरंच की," म्हणाली, आणि मायकडं वळून, "माय, तू कुनीकडची?"

"मेंढरंवाली," माय म्हणाली.  टँकर पुढं सरकला तसा त्या मावशीनंच हात करून आम्हाला वाट काढून दिली.

अजिंठ्याचा घाट उतरताना एक सांगते. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, ब्रेक तापतात. डावी पाती ओढून गिअर खाली आणा, इंजिनच गाडीला धरून ठेवतं. प्रत्येक वळणाआधी एकदा ओढायची, मागून घुमणारा आवाज येतो आणि गाडी बैठक सोडत नाही. उन्हानं डोंगर भाजून निघाले होते, वाघूर नदीच्या पात्रात नुसते गोटे. मी टप उघडला, या गाडीचं छप्पर मागं दुमडतं. मायनं पदर कानामागून घट्ट बांधला. फर्दापूरला लोक लेण्यांकडं वळत होते, आम्ही सोयगावचा फाटा धरला.

मामाच्या दारात मांडव होता. अण्णाची मोठी गाडी आधीच लागलेली. आमच्या गाडीचा आवाज ऐकून सगळी माणसं बाहेर आली, नि मी उतरल्यावर मागं सरकली.

मामा पुढं आला. मायला म्हणाला, "ये आक्का." मग माझ्याकडं न बघता, "भावासंगं वाटा घेणारी पोर माझ्या मांडवात नको. बाकीच्या पोरींना काय वळण लागंल?"

पाहुण्यांसमोर, भर मांडवात. अण्णा खांबाला टेकून उभा, मान खाली. मला वाईट वाटलं नाही असं खोटं लिहीत नाही. पण रडू आलं नाही. मी मायला म्हटलं, "तू बस. मी गाडीत थांबते."

"थांब तितंच," माय म्हणाली. आणि मामाकडं वळली. "सखा, बाप मेला तवा म्या अंगठा दिला तुला. ह्याच आंगनात. तवा काय म्हनला व्हतास?"

मामा टोपी सारखी करू लागला, तेव्हा तीच बोलली.

"म्हनला व्हतास, आक्का, हे घर तुजंच. मंग असाच दुस्काळ पडला, मेंढरं घिऊन तुज्या हिरीवर आले, तवा फाटक कुनी लावलं?"

"पानीच नव्हतं आक्का तवा."

"व्हतं. तुज्या केळीला व्हतं."

कुणीतरी खाकरलं. माय बोलतच राहिली, आवाज न चढवता. "माजी गाभण मेंढरं तुज्या बांधावर मेली. ह्याची," तिनं अण्णाकडं बोट केलं, "अन् हिची साळा सुटली त्या साली. माहेर ऱ्हावं म्हनून दिला व्हता अंगठा. काय ऱ्हायलं?"

मग ती अण्णाकडं वळली. "अन् बाळू, तू समद्यांला सांगत फिरतोस, संगीला कुनीतरी फितवलं. म्या फितवलं. सही करू नगं, असं म्याच सांगितलं तिला."

अण्णानं मान वर केली. हे त्याला माहीत नव्हतं. सहीच्या आदल्या दिवशी भाकऱ्या थापता थापता माय एवढंच बोलली होती, तेही माझ्याकडं न बघता. मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. मायला मुलाच्या घरात राहायचं होतं, माझं काय, मला शिव्या पचत होत्या. आज तिनं स्वतःच सांगितलं, सगळ्या भावकीसमोर.

मामानं माफी मागितली नाही. तो नुसता बाजूला झाला आणि न्हाव्याला हाका मारू लागला. पण सुमनमामी, त्याची बायको, आतून दोन ताटं घेऊन आली. मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा. एक मायसमोर ठेवलं, एक माझ्यासमोर, आणि आमच्याजवळच बसली. नवऱ्यानं एकदा बघितलं तिच्याकडं. ती उठली नाही. रस्सा झणझणीत होता, मी दोनदा मागून घेतला.

निघताना अण्णा मायजवळ आला. "चल, माझ्या गाडीत बस. घरी जाऊ."

"आले हिच्यासंगं, जाईन हिच्यासंगं. येनार मातर तुज्याच घरी. तुज्या बापाच्या माळातून झालंय ते, माजंबी हाय."

परतीला घाट चढताना मी स्पोर्टवर टाकली. खणलेला रस्ता संपल्यावर, फुलंब्रीच्या अलीकडं, मोकळा सरळ पट्टा आला. माय म्हणाली, "दाब." कायद्यात बसेल तेवढी दाबली. तिचं तोंड वाऱ्यानं लाल झालं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते वाऱ्याचं होतं की कसलं, मी विचारलं नाही.

सातारा परिसरात अण्णाच्या बंगल्याचं फाटक लावलेलं होतं. तो आमच्याआधी पोचला होता. मी म्हटलं, "माय, माझ्याकडं चल. एक खोली आहे, पण आपली आहे."

"कशापायी? म्या का पळून जाऊ?" तिनं हात लांब करून स्वतःच हॉर्न दाबला. दाबूनच धरला. शेजारच्या गच्चीवर माणसं आली. शेवटी अण्णाच आला आणि त्यानं कडी काढली. माय उतरली, गाठोडं घेतलं. त्याच्या पुढ्यात थांबून म्हणाली, "बहिणीला चहा विचार."

अण्णानं फाटक पूर्ण उघडलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "घेतेस का?"

"आज नको," मी म्हटलं. "आईतवारी येईन."

तो नको म्हणाला नाही.

आता हिशेब. असल्या गाडीनं सोयगावला जावं का? रस्ता पुरा झाल्यावर जा, सुखात जाल. आत्ता गेलात तर कंबर आणि टायर दोन्ही सांभाळा, सावलीत थांबत जा, पाणी सोबत ठेवा. गाडी पेट्रोल भरपूर पिते, खणलेल्या रस्त्यावर तर विचारूच नका. गाडी कुठं घासली नाही. धूळ अजून तशीच आहे, बजाजनगरातली पोरं तिच्यावर नावं काढतात, काढू देत.

आईतवारी मी गेले. अण्णा घरी नव्हता. चहा वहिनीनं दिला. सगळं सुरळीत झालं असं काही नाही.

पण परवा सुमनमामीचा फोन आला. तिच्या माहेरच्या शेतातून नवा रस्ता जातोय. भाऊ हक्कसोडाच्या सहीला बोलावतायत. ती हळू आवाजात बोलत होती, घरात कुणी ऐकू नये म्हणून.

"संगे, सही नाय केली तर काय व्हतं गं?"

"लोक बोलतात मामी. लई बोलतात."

"माहेर तुटतं म्हनत्यात."

"तुटायचं असलं तर सही करूनही तुटतं. मायचं बघितलं ना तुम्ही."

तिनं तिकडं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "मंग दिवाळीला तू बोलावशील का मला?"

"बोलावणार नाही," मी म्हटलं. "न्यायला येईन."